बायाक्काचं पायताण

बायाक्काचा चेहरा मी नंतर पाहिला, आधी पाहिले तिचे पाय. सांगलीच्या मंगल कार्यालयात मुलीची आई म्हणून मी परात आणि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन विहिणीचे पाय धुवायला वाकले होते. गुडघे दुखायचे, म्हणून आठवडाभर घरी वाकायचा सरावही केला होता. समोर आलेल्या पायांच्या भेगांत पेन्सिल उभी राहिली असती. मी पाणी ओतणार, तोच दोन्ही पाय सरकन खुर्चीवर गेले आणि वरून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या इहीणबाई. ह्या पायांवर चार तालुक्यांची धूळ हाय. तुमची परात भरंल."

मंडप हसला. मी रिकामी परात घेऊन उठले आणि माझा सराव वाया गेल्याचं मला वाईट वाटलं. तेव्हा मी अशीच होते. कुणी मान दिला तरी, आपण ठरवला होता तसाच दिला की नाही, हे आधी बघायची.

बायाक्का म्हणजे माझ्या जावयाची आई. आटपाडीच्या पलीकडचं त्यांचं गाव, मेंढरांमागे फिरणारं घर. नवरा तरुणपणी गेला. तिने मेंढरं राखत पोराला शिकवलं, आणि तो शिकत शिकत थेट इटलीत, सिएना नावाच्या जुन्या गावाजवळच्या एका प्रयोगशाळेत जाऊन पोचला. माझी मुलगी त्याला पुण्यात भेटली. साताऱ्यात मी सगळ्यांना सांगत सुटले होते, "आम्ही असलं काही मानत नाही हो." न मानणाऱ्याला ते इतक्या वेळा सांगावं लागत नाही, हे तेव्हा कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही. बायाक्का बोलली असती, पण तिला ते कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं.

तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची, मनात अगं-तुगं. लिहिताना मनातलंच चालवते, तिला ते आवडलं असतं.

माझ्या शहाणपणाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. साताऱ्यातल्या आमच्या महिला मंडळात मी भाषणं करायची. विधवांना हळदीकुंकवाला बोलवा, त्यांची ओटी भरा, त्यांना मागे बसवू नका. टाळ्या पडायच्या. नवरा जिवंत असताना हे बोलायला काही लागत नाही. पदराला छान पिन लावली की झालं. मग आमचे हे गेले. मी तेच भाषण पुन्हा केलं नाही. मंडळाने बोलावलं तर म्हणायची, घसा बसलाय.

त्यानंतर वर्षाने मुलगी बाळंत झाली आणि आम्ही दोघी आज्या एकाच विमानाने इटलीला गेलो. बारशाला तिथली चार-पाच भारतीय कुटुंबं आली होती. त्यातल्या एका उत्साही बाईने कुंकवाचं तबक काढलं, तशी मी उठले आणि शिरा बघायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. शिरा केव्हाच झाला होता. कढई झाकून ओट्याशी उभी राहिले आणि पाळण्याची गाणी दाराआडून ऐकली. बायाक्का तिथेच होती, पाळण्याला खेटून मांडी घालून बसलेली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, हिरवं गोंदण होतं. तिच्यापुढे तबक आलं की नाही, तिने काय केलं, ते मी पाहिलं नाही. पाहणार कशी, मी शिऱ्यापाशी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "शिरा करपला न्हाई न्हवं?"

मी म्हटलं, नाही.

"मग बरं झालं. लय येळ राखत बसला हुता."

आणि त्याच बैठकीत तिने जाहीर केलं, की इथून जायच्या आधी ती माझी ओटी भरणार. विहीण रिकाम्या पदराने परत जात नाही, अशी त्यांच्यात रीत होती. त्या दिवसापासून माझी पळापळ सुरू झाली. आज दिवस चांगला नाही, आज बाळाला सर्दी आहे, या देशात नारळ मिळत नाही. ती ऐकायची, मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची, भाजीला काय करायचं असं विचारावं तितक्या सहज.

बाकी तिथे तिचं सगळं मजेत चाललं होतं. सोफ्याला पाठ लावून ती जमिनीवर बसायची. खालच्या दुकानातल्या बाईशी मराठीत बोलायची आणि ती बाई इटालियनमध्ये उत्तरं द्यायची. दोघींचं पाऊण तास चालायचं, मी मात्र माझ्या इंग्रजीत दूध मागून दही घेऊन यायची. कुणी उभं दिसलं की बायाक्का त्याला म्हणणार, "बसा की." लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही म्हणाली, चौकातल्या पोलिसालाही म्हणाली. जन्मभर उभ्याने मेंढरं राखलेल्या बाईला दुसऱ्याचं उभं राहणं सोसत नव्हतं.

शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी रोमहून विमान होतं. जुनं सिएना डोंगरावर आहे, भोवती तट, आत गाड्यांना बंदी. बघायचं तर पायीच. मुलगी म्हणाली, आई, बाळ मी बघते, तुम्ही दोघी आज दिवसभर निवांत फिरा. नकाशा माझ्याकडे दिला, कारण मला इंग्रजी येतं असा घरात समज होता.

मी विजार घातली. गडद निळी. पुण्यात, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा दुकानातून घेतलेली. पायात पांढरे नवे बूट, गळ्यात पर्स, डोक्यावर टोपी. आरशात स्वतःला पाहून मी चक्क खूश झाले. आता तो फोटो पाहते तेव्हा मला मैदानावर चुकून आलेला अंपायर दिसतो. बायाक्का नऊवारी नेसली, तिने डोक्यावर पदर घेतला आणि पायात गावच्या चांभाराने शिवलेलं पायताण घातलं. ते करकरायचं. दगडी गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे उंच भिंती. तिच्या प्रत्येक पावलाचा आवाज वर चढून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जायचा आणि खिडकीतून कुणीतरी डोकवायचं. मी चार पावलं पुढे चालू लागले. म्हटलं, नकाशा माझ्याकडे आहे, वाट दाखवणारी पुढेच असते.

"इहीणबाई," ती मागून म्हणाली, "आज शेवटचा दिस. आज वटी भरायची."

मी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो, आपण दोघी अशा. आपली कोण भरतं?"

"मग कुणी भरायची? हितल्या गोऱ्या बायकांनी?"

"नारळ नाहीये."

"नारळ न्हाई तर फळ. फळ न्हाई तर मूठभर तांदूळ. पदर तेवढा पायजे."

मी विजयाने विजारीवर हात मारून दाखवला. पदर कुठे होता? बायाक्काने मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"ह्यो कावा व्हय," ती म्हणाली, आणि हसत सुटली.

तिथला मोठा चौक विटांचा, एका बाजूला उतरता. मी पुस्तकातली माहिती वाचून दाखवत होते, कोणत्या शतकात काय. बायाक्का म्हणाली, सुपागत हाय, आणि खरंच तसा होता, मागे रुंद, पुढे निमुळता, मध्ये माणसं पाखडायला घेतल्यासारखी. ती सरळ त्या उतारावर जाऊन बसली. आजूबाजूला शेकडो लोक तसेच बसले होते, पण मी बसले नाही. विजारीची घडी मोडली असती.

तिथून कॅथेड्रल. पांढऱ्या आणि काळ्या दगडाचे आडवे पट्टे, अगदी वरपर्यंत. बायाक्का बराच वेळ मान वर करून उभी राहिली. "घोंगडी पांघरून बसलाय की देव ह्यांचा," ती म्हणाली. दर्शनी भिंतीवर संतांचे पुतळे होते, एकाजवळ एक. ती त्यांच्याकडे पाहून चुकचुकली. "कवाधरनं उभं केल्यात बिचाऱ्यांना."

मी तिकिटांच्या खिडकीपाशी होते म्हणून मला कळलं नाही. आत गेल्यावर मला जाणवलं की मागची करकर थांबली आहे. वळून पाहिलं तर बायाक्का अनवाणी. देवळाच्या दारात पायताण काढणार नाही तर काय करणार? ते तिने पायरीच्या कडेला नीट जोडीने ठेवलं होतं. मी तिच्या कानात चिडून सांगितलं की इथे तसं काढत नाहीत. ती म्हणाली, "त्ये न्हाई काढत. म्या काढती."

आतली जमीन म्हणजे एक अख्खं चित्रांचं पुस्तक, संगमरवरात बसवलेलं. माणसं, घोडे, राजे. लोक त्यावरून चालत होते, मीही चालत होते. बायाक्का मात्र भिंतीच्या कडेकडेने, एका पावलापुढे दुसरं ठेवत, चित्र चुकवत येत होती. एक रखवालदार तिच्याकडे बघत होता. मी लांबच्या खांबाकडे बघत होते, मन लावून. तिने हाक मारली तर ऐकू येणार नाही इतकं अंतर राखून.

बाहेर आलो तेव्हा पायरी रिकामी होती.

झाडणाऱ्याने नेलं, रखवालदाराने उचललं, कुणाला माहीत. मी खाली-वर शोधलं. बायाक्काने शोधलंही नाही. "देवाच्या दारातनं गेलं," ती म्हणाली. "पीडा गेली. सोडा आता."

मी म्हटलं, चला, बूट घेऊ. ती म्हणाली, अनवाणीच जन्म गेलाय, आणि माझ्या पायाकडे बोट करून विचारलं की ह्या पांढऱ्या डब्यांनी तुमची टाच किती सोलली. सोललीच होती. पण ती बोलली म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, तुम्ही इथेच बसा, मी दुकान बघून येते.

खरं सांगायचं तर मला दुकान नको होतं. मला त्या पायरीपासून लांब जायचं होतं. अनवाणी पाय, डोक्यावर पदर, हिरवं कपाळ, आणि तिच्या शेजारी मी टोपी घालून. हे चित्र मला सहन होत नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत पर्सेस बघत उभी राहिले.

परतताना ते लांबून दिसलं. बायाक्का सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती, पाय पुढे पसरून, पदर मांडीवर आलेला. एक इटालियन म्हातारी, हातात बाजाराची पिशवी, तिच्यापुढे थांबली. वाकली. पिशवीतून कागदात गुंडाळलेला पाव काढला, मग दोन नासपती, आणि ते सगळं बायाक्काच्या पदरात ठेवलं. तिच्या खांद्याला हात लावला, स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण केली आणि गेली.

माझे कान तापले. माझ्या विहिणीला भीक घातली होती. भर चौकात, पर्यटकांसमोर. आणि मला पहिला विचार कोणता आला असेल? कुणी आम्हाला एकत्र आत जाताना पाहिलं असेल का, हा.

मी जवळ गेले. बायाक्का पदर दोन्ही हातांनी धरून तशीच बसली होती. तिचा चेहरा मी तोवर असा पाहिला नव्हता.

"बघा," ती म्हणाली, "तुमी म्हणत हुता कोण भरतंय. भरली की गोऱ्या बाईनं."

"अहो बायाक्का," मी म्हटलं. माझा आवाज बारीक, टोचरा. "ती ओटी नाही. तिला वाटलं तुम्ही..."

मी शब्द अर्धा ठेवला, पण ठेवला अशा रीतीने की तो पुरा ऐकू यावा.

बायाक्काने मान हलवली. "कळतंय की मला. येडी न्हाई मी. तिनं काय म्हणून टाकलं ते तिचं तिला. माझ्या पदरात पडलं, तवा ती वटी." मग ती म्हणाली, "त्ये गेल्यापासनं कुणी काय घातलं न्हवतं ह्या पदरात."

मग तिने त्यातली एक नासपती उचलली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या. पदर नसंल तर ही बंडी धरा पुढं."

बंडी म्हणजे माझं जाकीट. समोर दोन पर्यटक आमच्याकडे कॅमेरा करून उभे होते. मी म्हटलं, लोक बघताहेत, चला, आणि चालू लागले. तिने ते फळ पुन्हा पदरात टाकलं असावं. मी वळून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर मी तीन दुकानं पुढे राहिले. ती जवळ यायला लागली की मी पाऊल उचलायची. करकर नव्हती, त्यामुळे ती किती मागे आहे हे कळत नव्हतं. मग काचेत बघायचं नाटक करून तिरक्या नजरेने बघायचं. एका वळणानंतर मागून हाक आली. "इहीणबाई." पुन्हा, मोठ्याने. "आवं इहीणबाई." मेंढरं वळवणाऱ्या बाईची हाक ती, अख्खी गल्ली वळली. एक मी सोडून. मी सरळ चालत राहिले, आपला त्या हाकेशी काही संबंध नसल्यासारखी, ताठ मानेने, आणि गल्लीच्या टोकाला एका बंद दारापुढे जाऊन थांबले. पुढे रस्ता नव्हता. तिथे धुणं वाळत होतं.

ती मला तेच सांगत होती. नकाशा माझ्याकडे होता आणि वाट तिला आठवत होती.

मी लंगडत परत आले तेव्हा ती दुफाट्यावरच्या दगडी बाकावर बसली होती, पाव खात. शेजारी एक म्हातारा इटालियन, काठी टेकून. त्याला ती "बसा की" म्हणाली असणार. अर्धा पाव त्याच्या हातात होता. तिने सरकून मला जागा केली आणि उरलेला तुकडा पुढे केला. मी का वळले नाही, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी खोटं सांगून मोकळी झाले असते.

रात्री मुलीने बाजारातले बूट आणायचं म्हटलं, पण दुकानं बंद झाली होती. शेवटी तिच्याच घरातल्या सपाता बायाक्काला झाल्या. गुलाबी, मऊ, पुढे सशाचे दोन कान. त्याच घालून ती रोमच्या विमानतळावर चालली, पावलागणिक कान हलवत. येणारं-जाणारं हसायचं आणि ती त्यांना पाय उचलून कान नीट दाखवायची. मी? मी ट्रॉली ढकलत पुढे.

मुंबईत उतरल्यावर विमानतळाच्या बाथरूममध्ये मी विजार काढून साडी नेसले. फिकट, करड्या रंगाची. साताऱ्यात विजारीने उतरायची माझी छाती नव्हती. बाहेर आले तर बायाक्का माझ्या साडीकडे बघून नुसती हसली. मला तेव्हा कळायला हवं होतं.

गाडी एकच होती, आधी मला साताऱ्याला सोडणार, मग तिला घेऊन आटपाडीकडे जाणार. आमच्या फाटकापाशी मोठे दीर आणि जाऊबाई येऊन उभे होते, समोरच्या बंगल्यातले दोघं-तिघंही. ड्रायव्हर सामान काढत होता. बायाक्का मागच्या दारातून उतरली, सशांसकट. कमरेच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली नासपती काढली.

"आता हाय की पदर," ती म्हणाली. "धरा."

तिने ते फळ दोन प्रवासांतून, दोन विमानतळांवरून जपून आणलं होतं. बाकी काही करायचं नव्हतं. पदराचं टोक पुढे करायचं, इतकंच. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. माझा हात पदराकडे गेला, हे मी शपथेवर सांगते. गेला, आणि त्याने पदर ओढून कमरेला घट्ट खोचला.

"आत चला ना," मी म्हटलं, "चहा तरी घ्या."

बायाक्काने खोचलेल्या पदराकडे पाहिलं. मग ती कुंपणाच्या भिंतीपाशी गेली आणि ते फळ भिंतीवर ठेवलं, गडगडू नये म्हणून खाली टॉवेलाची घडी करून.

"हितं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुमच्या पदराला येळ गावंल तवा घ्या."

संध्याकाळी दीर-जाऊ गेल्यावर मी बाहेर आले. समोरच्या बंगल्याच्या खिडक्या बंद आहेत का ते बघितलं. मग पदर पसरला आणि माझ्याच हाताने ते फळ त्यात घातलं. एका बाजूने बुलबुलाने टोचून खाल्लेलं होतं. ओटी आपल्या हाताने भरत नाहीत, हे मला भाषणं करायच्या आधीपासून ठाऊक होतं.

तिचा फोन आला, पोचले म्हणून. फळ घेतलं का, तिने विचारलं. मी घेतलं म्हटलं. पदरात? पदरात. मग ती म्हणाली, "कुणाम्होरं?" मी तिला प्रवास कसा झाला ते विचारलं. ती सांगायला लागली की सशाची एक सपात कुत्र्याने पळवली आणि ती काही आपण शोधत नाही.

पुढे फोन होत राहिले. सातारा ते आटपाडी म्हणजे काही इटली नव्हे, पण मी गेले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मंडळात आता मला वयाने मोठी म्हणून मानाने बोलावतात, ओटी भरतात, मीही इतर विधवांची भरते, भीतभीत नाही. नात व्हिडिओवर विचारते, बायाक्का आजी कशी होती? मी तिला सशांची गोष्ट सांगते. ती पोट धरून हसते. गोष्ट भिंतीपर्यंत मी नेत नाही.

पण दिसते ती तिथेच. गाडीचं मागचं दार उघडं, एक पाय आत, एक पाय बाहेर, बाहेरच्या पायावर धुळीने मळलेले दोन गुलाबी कान. ड्रायव्हर बसा म्हणत होता. ती बसत नव्हती. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या फळाकडे बघत होती, मी ते उचलते का म्हणून. मग बसली, काच खाली केली आणि गाडी वळेपर्यंत बघत राहिली.

मी जाऊबाईंना बॅगा कुठे ठेवायच्या ते सांगत होते.